कपलर काढून १२ व्होल्ट दिसले म्हणजे वायर ठीक, हे माझं वाक्य चुकलंच

महूवाले दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा मीटर घेऊन गाडीपाशी जाऊन बसलो. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, मी मागच्या लेखात लिहिलं होतं की एटीव्हीचं (शेतात-चिखलात चालणारी चारचाकी बाईक) फोर-व्हील, म्हणजे चारही चाकांना जोर देणं, लागत नसेल तर पुढच्या डिफच्या (पुढच्या चाकांना फिरवणारा गिअरचा डबा) कॉइलचं (वीज दिली की चुंबक होणारं वेटोळं) कपलर (वायरी जोडणारा प्लग) काढा, वायरीवर १२ व्होल्ट आले म्हणजे वायरिंग ठीक आणि दोष कॉइलचा. दादांनी तसंच केलं, साडेबारा आले, नवी कॉइल मागवली, डिफ उघडून बसवली, आणि बटण दाबलं तरी काळ्या मातीत मागची चाकं खड्डा करतायत आणि पुढची ढिम्म. वर "अर्धवट माहितीवर लोकांचे पैसे घालवू नका" असा आहेर.

आहेर घेतला. ते वाक्य चुकलंय.

कपलर सुटं करून मीटर लावलं की त्या वायरीतून करंट जवळजवळ वाहतच नाही, मीटरला तो लागतच नाही, त्यामुळे वायर आतून सडलेली असो नाहीतर पिनांवर हिरवा थर चढलेला असो, मीटर आपलं बॅटरीचं व्होल्टेज दाखवून मोकळं. आपल्याकडे इंदूर-महूला नर्मदेचं पाणी येतं तेव्हा बघा ना, कॉक बंद असला की पाईप टम्म, वाटतं काय प्रेशर आहे आज, आणि आत गाळ साचलेला असला की कॉक उघडल्यावर धार करंगळीएवढी. कॉइल लावणं म्हणजे कॉक उघडणं. पोलारिस कंपनीच्या एटीव्ही गाड्यांत या कॉइलचा रेझिस्टन्स साधारण २४ ओहम असतो, म्हणजे १२ व्होल्टवर ती अर्धा अँपिअर ओढणार. आता वाटेत एखाद्या सडक्या जोडामुळे आणखी २४ ओहम घुसले तर करंट निम्मा, कॉइलच्या वाट्याला ६ व्होल्ट, तेवढ्यावर तिचं चुंबक डिफमधली प्लेट कशाला धरतंय. आणि तुम्ही कपलर काढलंत की परत तेच ऐटीत १२.

मग मी तसं लिहिलं कसं? माझ्या गाडीत पहिल्यांदा खरंच कॉइलच गेली होती, मीटरवर ओहमच येत नव्हते, त्यामुळे चुकीच्या पद्धतीनंही उत्तर बरोबर आलं आणि मी ते नियम म्हणून छापून टाकलं. तुमची प्रतिक्रिया वाचून गाडीपाशी बसलो तेव्हा पुढच्या चाकामागे मी स्वतः कधीतरी वायर पिळून, टेप मारून केलेला जोड सोडवला, तर आत सिमरोलच्या शेतातला चिखल आणि तांब्याच्या जागी हिरवी भुकटी. म्हणजे माझंही फोर-व्हील पुढच्या पावसात रुसणारच होतं. (आमच्या सौ. म्हणाल्या, दुसऱ्यांच्या गाड्या शिकवण्याआधी घरची बघा.) चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर मागे कापली, सोल्डर केलं, वरून गरम करून आवळायची स्लीव्ह चढवली. नुसती टेप काळ्या मातीपुढे एक सीझनही टिकत नाही.

आता बरोबर पद्धत. कपलर लावलेलंच ठेवायचं, मागच्या बाजूनं वायरीच्या कडेनं बारीक सुया आत सरकवायच्या, चावी ऑन, फोर-व्हीलचं बटण ऑन, आणि दोन्ही सुयांमध्ये व्होल्टेज बघायचं. बॅटरीच्या जवळपास आलं तर वायरिंगला सोडा. बरंच कमी आलं तर मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं कॉइलच्या प्लसच्या सुईला, तिथे जेवढे व्होल्ट दिसतील तेवढे वाटेत खाल्ले जातायत, मग अर्थच्या, म्हणजे बॅटरीच्या मायनसच्या, बाजूनं तसंच. अर्थची बाजू लोक बघतच नाहीत आणि निम्म्या वेळा घोळ तिथेच असतो. सुया नको वाटत असतील तर बाईकच्या इंडिकेटरचा १० वॅटचा बल्ब कॉइलच्या जागी कपलरला लावा, मिणमिणला की समजा वायरिंगमध्ये दोष आहे, पण हे फक्त कॉइलवाल्या गाडीत, यामाहा ग्रिझलीसारख्या डिफवर मोटर असलेल्या गाड्यांची पद्धत वेगळी, तिथे हा प्रयोग नको.

आता थोडं तुमच्याकडे येतो, रागावू नका. त्याच लेखात आधीच्याच ओळीत मी म्हटलं होतं की कॉइल काढायच्या आधी तिचे ओहम मोजा. ते तुम्ही मोजलेत असं कुठे लिहिलेलं नाही. दुसरं, "मागचं जॅकवर उचलून गिअर टाकून बघितलं" असं जे लिहिलंय ते कृपा करून परत करू नका, पुढची चाकं जमिनीवर आहेत, फोर-व्हीलनं खरंच पकड घेतली तर गाडी जॅकवरून उडी मारून सरळ भिंतीत जाईल. आणि पोलारिसमध्ये इंजिन ३१०० आरपीएमच्या खाली आल्याशिवाय सिस्टिम फोर-व्हील लावतच नाही, म्हणजे रुतल्यावर रेस देत देत बटण दाबलं तर काही होणार नाही, आधी रेस सोडा, मग बटण, मग हळू रेस. मागची चाकं घसरून जागीच फिरत असताना तसंही लावू नये, क्लच आणि शाफ्टला झटका बसतो.

वायरिंग पूर्ण ठीक निघालं तर मग ऑइल, आणि इथेही माझी चूक आहे, मी नुसतं "गिअर ऑइल टाका" लिहून पुढे गेलो होतो. या डिफमध्ये कॉइल एका प्लेटला ओढून धरते, त्या घर्षणानं रोलरचा पिंजरा जरासा मागे राहतो आणि रोलर पाचरीसारखे अडकतात, तेव्हा कुठे पुढची चाकं ओढायला लागतात. तिथे जाड गिअर ऑइल टाकलं की प्लेट तरंगते, घसरते, चुंबक बिचारं करणार काय. पोलारिसचं डिमांड ड्राइव्ह नावाचं वेगळं ऑइल मिळतं, तुमच्या मॅन्युअलमध्ये जे लिहिलं असेल तेच टाका. कॉइल बसवताना तुम्ही काय ओतलंत ते सांगा, माझ्या लेखावरून ८०-९० नंबरचं जाड गिअर ऑइल ओतलं असेल तर काढून टाका. निघालेलं ऑइल दुधाळ दिसलं तर सील गेलंय, पाणी शिरलंय.

जुनी कॉइल फेकली नसेल तर तिचे ओहम आज मोजून कळवा. २४ च्या आसपास आले तर ती चांगली होती. मी रविवारी सिमरोलला असतो, तिथून मीटर घेऊन महूला येतो, फक्त तोपर्यंत गाडी प्रेशरनं धुवू नका, चिखल नेमका कुठल्या जोडावर बसलाय ते मला बघायचंय.