कॉलेज निवडताना आधी लायब्ररी बघा

बारावी आर्ट्सचा निकाल लागल्यापासून घरात एकच विषय आहे, लेकीने पुढे कुठे शिकायचं. तिला इतिहास हवाय आणि जोडीला भूगर्भशास्त्र. "हे कसलं कॉम्बिनेशन?" असं तीन नातेवाइकांनी विचारून झालं.

ते कुठून आलं सांगते. दोन वर्षांपूर्वी आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळीला कनकादित्याच्या, म्हणजे सूर्यदेवाच्या, दर्शनाला गेलो होतो. येताना सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर, कातळात कोरलेली जुनी शिल्पं, कातळशिल्पं, बघायला थांबलो. तिथला हत्ती इतका अवाढव्य, की जवळ उभं राहिलं तर हत्ती दिसतच नाही, नुसत्या खाचा. पोटात मासे, पक्षी, जनावरं कोरलेली. भर उन्हात लेक उकिडवी बसून बघत राहिली. म्हणाली, "आई, कोणी कोरलं ते राहू दे, पण जांभ्यात हे टिकलं कसं?" २०२२ साली कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. तिचा प्रश्न मात्र त्या सड्यावरच पडलेला.

असे वेगवेगळ्या शाखांचे विषय एकत्र शिकायचे, म्हणजे लिबरल आर्ट्स, म्हटलं की पुणं, नाहीतर थेट हरियाणातलं सोनीपत, असं आता लोकांनी ठरवूनच टाकलंय. तिथे चांगलं शिकवत असतील, जमेल त्याने जरूर जावं. पण वर्षाची फी लाखांत आहे, आणि जी शिल्पं तिला अभ्यासायचीत ती आमच्या घरापासून तासाभरावर आहेत.

एका खासगी संस्थेत आम्ही जाऊनही आलो. पाऊण तास नोकरीत मिळणाऱ्या पॅकेजवर बोलणं झालं. मग मी लायब्ररी बघायला मागितली. इतिहासाच्या कपाटातलं एक जाड पुस्तक काढलं, मागच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का २०११ चा. मला त्या शिक्क्याने सगळं सांगितलं. जिथे पोरं पुस्तक घरी नेत नाहीत तिथे माझ्या पोरीला मी पाठवणार नाही, मग इमारत कितीही चकचकीत असो.

नव्या शैक्षणिक धोरणात मेजरबरोबर, म्हणजे मुख्य विषयाबरोबर, दुसऱ्या शाखेतला मायनर, म्हणजे जोडविषय, घेता येतो, चौथं वर्ष केलं तर ऑनर्सची पदवी. कागदावर उत्तम. पण तो विषय शिकवणारं माणूस त्या कॉलेजात आहे का? दोन्ही तास एकाच वेळी तर येत नाहीत ना? बारावीला सायन्स नसेल तर चालतं का? पालकहो, हे फॉर्म भरण्याआधी विचारा, आणि शक्यतो तिथल्या मुलांनाच विचारा, चहाच्या टपरीवर.

रत्नागिरीत गोगटे-जोगळेकर कॉलेज १९४५ पासून आहे. त्याआधीच्या पिढीला बी.ए. व्हायचं तर घाट चढून नाहीतर बोटीने जावंच लागायचं. आता कॉलेज दारात आहे, तरी "कोकणात राहून काय होणार?" हे वाक्य मी रोज ऐकते. फार वाईट वाटतं. इथे राहून शिकणं म्हणजे मागे पडणं, हे पोरांच्या डोक्यात आपणच भरतो.

सोमवारी सकाळच्या एसटीने आम्ही दोघी रत्नागिरीला जातोय. तिने वहीत प्रश्न लिहून ठेवलेत. पहिलाच आहे, "सड्यावर नेतात का?"