दिवस सोळा तासांचा झालेला नाही. चक्कर आली तर रक्तदाब मोजा

दिवस हल्ली कसा संपतो ते कळतच नाही, असं म्हणत सुरू होणारा एक लांबलचक मजकूर गेली काही वर्षं पुन्हापुन्हा फिरतो आहे. त्यातले दावे थोडक्यात असे. पृथ्वीच्या हृदयाचे ठोके पूर्वी सेकंदाला ७.८३ होते, ते आता भराभर वाढताहेत, अगदी ३३ पर्यंत नोंदले गेले आहेत. त्यामुळे २४ तासांचा दिवस प्रत्यक्षात १६ तासांचाच उरला आहे. आकाशगंगेच्या मध्यावरचं कृष्णविवर आपल्याला ओढून घेतंय आणि काळाचा वेग वाढवतंय. काळ हा भ्रम आहे हे तर आइन्स्टाइनने सिद्धच करून ठेवलंय. आणि शेवटी धीर दिलेला असतो: चक्कर येत असेल, छातीत धडधडत असेल, झोप लागत नसेल तर घाबरू नका, तुमचं शरीर नव्या कंपनांशी जुळवून घेतंय.

एरवी मी असलं काही आलं की पुसून टाकतो. या वेळी ते मावशीने पाठवलं, आणि खाली लिहिलं, ‘बघ, मला चक्कर का येते ते कळलं. उगाच डॉक्टरकडे जात नाही आता.’ मावशीला रक्तदाबाचा जुना त्रास आहे. म्हणून एकेक मुद्दा घेतोच, आणि शेवटचा सगळ्यात आधी घेतो, कारण बाकीच्या थापांनी फक्त डोकं फिरतं, या थापेने माणूस जाऊ शकतो.

चक्कर, धडधड, निद्रानाश. ही यादी कुणी केली त्याने ती मोठ्या हुशारीने केली आहे, कारण यातलं एखादं लक्षण नाही असा माणूस चाळिशीनंतर शोधूनही सापडायचा नाही. चक्कर रक्तदाब वाढल्याने येते, उतरल्याने येते, साखर कमी झाल्याने येते, अंगात रक्त कमी असल्याने येते, आतल्या कानातल्या बिघाडाने येते. धडधडीमागे हृदयाची लय बिघडलेली असू शकते. यातल्या बहुतेक गोष्टी साध्या तपासणीत कळतात आणि वेळेवर कळल्या तर आटोक्यात येतात. ‘शरीर जुळवून घेतंय’ म्हणून गप्प बसवणारा सल्ला या माणसांचा नेमका तोच वेळ खातो. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाने निदान एवढा विचार करावा, की आपल्या यादीतल्या कुणाकुणाला रक्तदाबाची गोळी चालू आहे.

आता ते ‘पृथ्वीच्या हृदयाचे ठोके’. यामागे खरं शास्त्र आहे, हे नाइलाजाने मान्य करावं लागतं. जमीन आणि वरचं आयनांबर, म्हणजे वातावरणाचा विद्युतभारित थर, यांच्यामध्ये एक पोकळी आहे. जगभरात दर सेकंदाला सरासरी चाळीस-पन्नास विजा चमकतात, आणि त्यांच्यातून निघालेल्या विद्युतचुंबकीय लहरी या पोकळीत पृथ्वीला वळसा घालत राहतात. ठरावीक कंपनसंख्येच्या लहरी एकमेकींना बळ देतात, बाकीच्या विरतात. विनफ्रीड ओटो शूमान या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये हे गणिताने मांडलं, आणि १९६० मध्ये बाल्सर आणि वॅग्नर यांनी ते मोजून दाखवलं. म्हणून याला शूमान अनुनाद म्हणतात. हृदय नाही, ठोका नाही. विजांचे पडसाद आहेत ते.

हा आकडा ७.८३ च्या आसपास का, हे एकदा पाहिलं की तो मनाला येईल तसा का वाढू शकत नाही तेही दिसतं. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो, आणि या लहरीही त्याच वेगाने जातात. पृथ्वीचा परीघ चाळीस हजार किलोमीटर. म्हणजे लहर सेकंदात पृथ्वीभोवती साडेसात फेऱ्या मारते. गोल पोकळीचं नीट गणित केलं तर मूळ कंपनसंख्या साडेदहा हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक कंपन) थोडी वर येते. पण आयनांबर ही काही पक्की भिंत नव्हे, तिथे ऊर्जा मुरते, म्हणून प्रत्यक्षात ती आठच्या जरा खाली राहते. आयनांबराची स्थिती दिवसरात्र आणि सूर्याच्या हालचालीप्रमाणे बदलते, तशी ती अर्ध्याएक हर्ट्झच्या आत खालीवर होते. खेळ एवढ्यातच.

दिवस २४ वरून १६ तासांवर आला म्हणजे सगळं दीडपट वेगाने चाललंय. तर ठोकेही दीडपट, म्हणजे पावणेबारा, धरू. तार जितकी आखूड तितका स्वर चढा, तसंच इथेही: पृथ्वी जितकी लहान तितकी कंपनसंख्या मोठी. ती दीडपट व्हायची तर पृथ्वीची त्रिज्या दोन-तृतीयांश व्हायला हवी. ६,३७१ किलोमीटरची सव्वाचार हजार. तेवढंच वस्तुमान तेवढ्या लहान गोळ्यात बसलं तर पृष्ठभागावरचं गुरुत्वाकर्षण सव्वादोनपट होईल. साठ किलोच्या माणसाला एकशे पस्तीस किलोचा भार घेऊन उभं राहावं लागेल. असं काही कुणाला जाणवलं आहे का?

मग ‘आता ३३ हर्ट्झ नोंदले गेले’ हे कुठून आलं? मूळ कंपनाबरोबर वरची कंपनंही असतातच, जशी वाद्याच्या त्याच तारेत असतात: साधारण १४, २१, २७ आणि ३३ हर्ट्झ. ही पहिल्यापासून आहेत, १९६० च्या मोजणीतही खालची कंपनं ओळीने दिसली होती. कधी या लहरी मोजणाऱ्या एखाद्या केंद्राच्या आलेखात वरच्या कंपनांचा जोर वाढलेला दिसतो, कधी जवळच्या गडगडाटाने अख्खा पट्टा पांढरा होतो. तो आलेख उचलायचा आणि ७.८३ चे ३३ झाले म्हणून सांगायचं. आलेखावर खाली ७.८३ ची रेघ जागच्या जागी असते, तिच्याकडे बघायचं नाही.

आणि या लहरींचा जोर तरी किती? त्यांचं चुंबकीय क्षेत्र साधारण एक पिकोटेस्ला, म्हणजे टेस्ला या चुंबकीय क्षेत्राच्या एककाचा एक लाख कोटीवा भाग. होकायंत्राची सुई फिरवणारं पृथ्वीचं नेहमीचं क्षेत्र त्याच्या काही कोटी पट. मोजायला हजारो वेढ्यांची वेटोळी लागतात, आणि तीही विजेच्या तारांपासून लांब, निवांत जागी ठेवावी लागतात, नाहीतर घराघरांतल्या विजेच्या गोंगाटात ती लहर हरवून जाते. मेंदूच्या काही लहरींचीही कंपनसंख्या आठ-दहाच्या घरात असते, एवढ्यावरून दोघांचं नातं जोडणं म्हणजे निव्वळ बादरायण संबंध.

दिवसाचं बघू. दिवस खरंच १६ तासांचा असता तर आज सकाळी सहाला उगवलेला सूर्य पुढच्या वेळी रात्री दहाला उगवला असता, आणि त्यानंतर दुपारी दोनला. यावर पळवाट तयार असते: ‘घड्याळंही तितकीच वेगाने धावतात, म्हणून कळत नाही.’ बरं. घड्याळं, सूर्य, हृदय, मेंदू, सगळंच सारख्या वेगाने धावू लागलं तर ‘वेळ पुरत नाही’ हे तुम्हाला जाणवणार कशाने? एक तर फरक मोजता येतो, नाहीतर जाणवतही नाही.

पृथ्वीच्या फिरण्यात बदल होतो, हे मात्र खरं आहे. आण्विक घड्याळांशी ताडून पाहिलं तर काही दिवस २४ तासांपेक्षा किंचित लहान भरतात. ५ जुलै २०२४ चा दिवस १.६६ मिलिसेकंदाने लहान होता. सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या सुमारे पावणेदोन पट. या मजकुराला हवे आहेत आठ तास, म्हणजे त्याच्या पावणेदोन कोटी पट.

शिवाय दूरचा कल उलटा आहे. स्टीफन्सन, मॉरिसन आणि होहेनकर्क यांनी २०१६ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. इसवी सनापूर्वी ७२० पासूनच्या ग्रहणांच्या नोंदी त्यांनी तपासल्या: बाबिलोन या आजच्या इराकमधल्या प्राचीन शहरातल्या मातीच्या विटा, चिनी, ग्रीक, अरब दस्तऐवज. इसवी सनापूर्वी १३६ मध्ये, १५ एप्रिलला, बाबिलोनमध्ये खग्रास सूर्यग्रहण दिसलं, त्याची नोंद विटांवर कोरलेली आहे. पण पृथ्वी तेव्हापासून आजच्याच वेगाने फिरतेय असं धरून गणित केलं, तर ग्रहणाची सावली बाबिलोनच्या पश्चिमेला जवळपास ४९ अंशांवरून जायला हवी होती. हा फरक सव्वातीन तासांचा. तेव्हापासूनचे दिवस आजच्यापेक्षा सरासरी पंधरा मिलिसेकंदांच्या आसपास लहान होते, आणि पावणेआठ लाखांहून अधिक दिवसांत तो फरक साचत साचत तासांवर गेला. निष्कर्ष: दिवस दर शतकाला सुमारे १.८ मिलिसेकंदाने मोठा होतो आहे. मुख्य कारण चंद्रामुळे येणारी भरती-ओहोटी. त्यापायी चंद्रही वर्षाला ३.८ सेंटिमीटर दूर सरकतो. अडीच हजार वर्षांपूर्वी आकाश बघून विटेवर लिहिणाऱ्यांच्या नोंदींतून मिलिसेकंद काढता येतात, यासारखी थक्क करणारी गोष्ट हाताशी असताना लोकांना सोळा तासांची थाप का पुढे पाठवावीशी वाटते, हे मला खरंच समजत नाही.

वय वाढतं तशी वर्षं भुर्रकन गेल्यासारखी वाटतात, हेही खरं. पण रोज तेच काम, तोच रस्ता, हातात तोच पडदा असेल तर लक्षात राहण्याजोगं थोडंच उरतं, आणि मागे वळून पाहताना काळ आखडलेला वाटतो. तो आठवणींचा प्रश्न आहे, पृथ्वीचा नाही.

कृष्णविवराचं काम थोडक्यात उरकतो. आकाशगंगेच्या मध्यावर सूर्याच्या चाळीस लाखांहून अधिक पट वस्तुमानाचं कृष्णविवर आहे, २०२२ मध्ये त्याची प्रतिमाही प्रसिद्ध झाली. ते सुमारे सत्तावीस हजार प्रकाशवर्षं दूर आहे. कृष्णविवर सगळं शोषून घेतं ही समजूतच चुकीची. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर ठेवलं तर पृथ्वी गारठेल, पण आहे त्याच कक्षेत फिरत राहील. आणि गुरुत्वाकर्षणाने घड्याळ मंदावतं, वेगाने पळत नाही. म्हणजे ते विवर आपल्याला ओढत असतं तरी परिणाम दाव्याच्या उलट झाला असता. मंदावण्याचा हा परिणाम किती, हे कागदावर गणित करून बघता येतं: त्या विवरामुळे आपलं घड्याळ जेवढं मंदावतं, त्याच्या जवळपास तीसपट ते पायाखालच्या पृथ्वीमुळे मंदावतं, आणि सूर्यामुळे सुमारे चारशेपट.

राहता राहिले आइन्स्टाइन. भूत, वर्तमान आणि भविष्य यांतला भेद हा एक चिवट भ्रम आहे, या अर्थाचं वाक्य त्यांचं आहे. पण ते कुठल्या शोधनिबंधातलं नाही. मार्च १९५५ मध्ये त्यांचे जुने मित्र मिकेले बेसो वारले, तेव्हा बेसोंच्या घरच्यांना लिहिलेल्या सांत्वनाच्या पत्रातलं ते आहे. महिन्याभरात आइन्स्टाइनही गेले. दुःखात लिहिलेली ती ओळ सिद्ध केलेलं प्रमेय म्हणून फिरवणं मला फार खटकतं. त्यांनी सिद्ध केलं ते वेगळंच: काळ किती गेला हे वेगावर आणि गुरुत्वाकर्षणावर अवलंबून असतं, आणि ते मोजता येतं. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं याच कारणाने जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. तेवढी दुरुस्ती केली नाही तर फोनमधल्या नकाशाची चूक दिवसाला दहा-अकरा किलोमीटरने वाढत जाईल.