ओ पावणं, हलू नगा

परवा मिरजेहून सांगलीला येताना बसमध्ये एका अनोळखी माणसाने माझ्या मानेची साल काढली. साल म्हणजे सालच. गेल्या आठवड्यात एका दाखल्यासाठी भर दुपारी रांगेत उभा होतो (साहेबांच्या गाडीला पत्र्याची शेड, माणसांना ऊन, असो), मान भाजली आणि आता सोलत होती, एवढंच.

विश्रामबागच्या अलीकडे मागून आवाज आला, "ओ पावणं, हलू नगा." मला वाटलं किडाबिडा बसलाय, म्हणून श्वास रोखून बसलो, आणि सर्रकन काहीतरी निघालं. वळून बघतो तर पांढरी टोपी, पांढऱ्या मिशा, आणि चिमटीत माझी कातडी खिडकीकडे धरून काका निरखतायत. "अखंड निघाली बगा!" शेजारच्या मावशींनाही दाखवली. मावशी म्हणाल्या, "कानामागं अजून हाय की." मग काकांनी ती माझ्यापुढे धरली, "घ्या." मी घेतली. काय करणार, माझीच होती.

मी चिडून म्हटलं, काका, त्या पेशींनी माझ्यासाठी जीव दिलाय. आता बोललोच तर पुढचं सांगणं भाग होतं. उन्हातले अतिनील-बी किरण, २८० ते ३१५ नॅनोमीटरचे, थेट डीएनएवर आदळतात आणि शेजारशेजारचे दोन थायमिन (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) एकमेकांना चिकटून बसतात, मग डीएनएची कॉपी करणारी यंत्रणा तिथं येऊन अडते. त्यावर दुरुस्तीची प्रथिनं धावतात, खराब जागेच्या दोन्ही बाजूंनी साखळी कापतात, साधारण ३० अक्षरांचा तुकडा काढून टाकतात आणि समोरची शाबूत साखळी बघून नवा भरतात. आपल्या महापालिकेसारखं रस्ता खणून निघून जात नाहीत. ही कापाकापी उलगडणाऱ्या अझीझ सान्जारना २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. आणि नुकसान फारच झालं असेल तर पी-५३ नावाचं प्रथिन पेशीचं विभाजन थांबवतं, तरी भागलं नाही तर तिला सरळ मरायला लावतं, कारण अशी बिघडलेली पेशी जगली तर उद्या कॅन्सर.

काकांनी सगळं नीट ऐकलं. मग म्हणाले, "म्हंजी मेलेलीच हुती न्हवं? मग काढली तर काय बिगाडलं?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि खरा राग त्याचाच आहे. वर मावशी, "हळद लावा." सांगलीत कशालाही हळदच, त्यात २०१८ ला जीआय मानांकन मिळाल्यापासून तर बोलायलाच नको.

रात्री मान खाजवत वाचत बसलो तर अजून डोकं फिरलं. फोटोलायेज नावाचं एक एन्झाइम असतं, ते चिकटलेली जोडी प्रकाशाच्याच जोरावर सोडवतं, कापायची भानगडच नाही. झाडांकडे आहे, कितीतरी जीवाणूंकडे आहे, कांगारूच्या भाऊबंदांकडेसुद्धा आहे. आपल्या शाखेतल्या सस्तन प्राण्यांनी तेवढं नेमकं घालवलं! कातडीला रंग देणारं मेलॅनिन काही किरण अडवतं म्हणे, पण सगळे कुठले अडवणार.

सकाळी मेडिकलमध्ये सनस्क्रीन विचारलं. ट्यूब बोटभर, किंमत हातभर, आणि वर छापलंय की दर दोन तासांनी परत लावा. रांगेत उभं राहून? माझं एका दुपारवर भागलं हो, तिकडे उसाच्या फडात बाया दिवसभर वाकलेल्या असतात, त्यांनी दर दोन तासांनी काय लावायचं, आणि मुकादम थांबणाराय होय तेवढ्यासाठी?