‘दोन रेझिस्टर लावले की रेफरन्स तयार’ हे खरं नाही

बडोद्याच्या दांडिया बाजारात माझ्याकडे शिकायला येणारी मुलं गेले दोन आठवडे एकच मेसेज दाखवतायत. मजकूर साधारण असा: ‘रिसीव्हरचा रेफरन्स व्होल्टेज म्हणजे पुरवठ्याच्या बरोबर निम्मा. दोन सारखे रेझिस्टर लावले की झालं. जास्त अचूकता हवी तर बँडगॅप लावा. चिपच्या आत रेफरन्स तयार करणं ही नुसती पिन वाचवायची युक्ती, आणि ट्रेनिंगमध्ये वेळ फुकट जातो.’ विषय आहे संगणकाच्या मेमरी चिपचा. लाइनवरून आलेला बिट ओळखणारं सर्किट म्हणजे रिसीव्हर: सिग्नल रेफरन्सच्या वर असेल तर तो ‘एक’ वाचतो, खाली असेल तर ‘शून्य’. योग्य रेफरन्स शोधून काढणं म्हणजे ट्रेनिंग. या मुलांपैकी कित्येकांचा डोळा गुजरातमधल्या साणंदच्या मायक्रॉनच्या मेमरी कारखान्यावर आहे. तिथं मुलाखतीत हे ठोकून आली तर मला फार वाईट वाटेल, म्हणून लिहितोय.

आधी ‘निम्मा’. डीडीआर-३ या जुन्या पिढीच्या मेमरीत हे बरोबर होतं. पुरवठा १.५ व्होल्ट, टर्मिनेशन (सिग्नल परत उसळू नये म्हणून लाइनच्या टोकाला लावलेला रेझिस्टर) निम्म्याला बांधलेलं, त्यामुळे सिग्नल ०.७५ च्या वर-खाली सारखाच झुलायचा. पुढच्या पिढीत, डीडीआर-४ मध्ये, टर्मिनेशन थेट १.२ व्होल्टच्या पुरवठ्याला बांधलं आणि सगळं गणित फिरलं. ‘एक’ पाठवला की लाइन पूर्ण १.२ वर जाते. ‘शून्य’ पाठवताना मात्र ड्रायव्हरला, म्हणजे सिग्नल पाठवणाऱ्या सर्किटला, टर्मिनेशनशी ओढाताण करावी लागते, त्यामुळे लाइन ग्राउंडला पोचतच नाही. ड्रायव्हर ३४ ओहम आणि टर्मिनेशन ४८ ओहम धरा. शून्याची पातळी येते १.२ गुणिले ३४ भागिले ८२, म्हणजे जवळपास ०.५ व्होल्ट. दोन्ही पातळ्यांचा मध्य ०.८५, पुरवठ्याच्या ७१ टक्के. अशा लाइनवर रेफरन्स ०.६ ला ठेवलात तर वर ०.६ व्होल्टची मोकळीक राहते आणि खाली जेमतेम ०.१. थोडासा गोंगाट आला तरी शून्य ‘एक’ म्हणून वाचला जाईल. टर्मिनेशन ६० ओहम केलं, तर मध्य ६८ टक्क्यांवर उतरतो. मग कायमचे दोन रेझिस्टर कुठल्या किमतीचे लावणार?

आता बँडगॅप. चिप डिझायनर बॉब विडलरनं १९७१ च्या सुमारास रूढ केलेलं, ठरावीक व्होल्टेज देणारं हे सर्किट मला मनापासून आवडतं. तापमान बदललं तरी त्याचे साधारण १.२ व्होल्ट जागचे हलत नाहीत. पण इथं नेमका तोच अडथळा आहे. सिग्नलच्या दोन्ही पातळ्या पुरवठ्याबरोबर हलतात, आणि डीडीआर-४ ला १.१४ ते १.२६ व्होल्टपर्यंतचा पुरवठा चालतो. वरच्याच उदाहरणात मध्य ०.८१ पासून ०.८९ पर्यंत सरकतो. तुमचा अचल रेफरन्स ०.८५ वरच बसून राहिला तर दोन्ही टोकांना ४० मिलिव्होल्टची चूक पदरात पडते. रेग्युलेटरला, एडीसीला (सिग्नलचे आकडे करणाऱ्या सर्किटला) बँडगॅप हवाच. या रिसीव्हरला मात्र पुरवठ्याच्या ठरावीक टक्क्यांवर राहणारा रेफरन्स लागतो.

पिन वाचते, हे खरं आहे. पण तेवढंच कारण असतं तर डीडीआर-४ नं कमांड-ॲड्रेसचा (काय करायचं आणि कुठं, हे सांगणाऱ्या लाइनचा) रेफरन्स चिपबाहेर का ठेवला? आत घेतला तो फक्त डेटाचा, जिथं वेग जास्त आणि टर्मिनेशन बदलतं. दोन्ही आत गेले ते डीडीआर-५ मध्ये. बाहेरून आलेल्या रेफरन्सचं काय होतं ते मी मुलांना एका जुन्या डीडीआर-३ बोर्डावर दाखवलं. मल्टिमीटरवर ०.७५, एकदम स्थिर. मुलं खूश. मग ऑसिलोस्कोपच्या प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून छोटी स्प्रिंग लावली, मेमरी टेस्ट सुरू केली, आणि त्याच जागी ३० मिलिव्होल्टच्या वर उसळ्या दिसल्या. दोन्ही बाजूंना मर्यादा १५ मिलिव्होल्टची. अशा उसळ्या शोषणारा रेफरन्सशेजारचा कपॅसिटर कधीतरी उखडून गेला होता. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, रिसीव्हरला तो क्षण भोगावा लागतो. इथल्याच कलाभवनात, म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजात, शिकलो तेव्हापासूनची ही सवय आहे: प्रोब लावल्याशिवाय बोलायचं नाही.

चिपच्या आत रेझिस्टरची एक लांब शिडीच असते, चिपच्याच पुरवठ्यात आणि ग्राउंडमध्ये टांगलेली. बऱ्याच लाइन एकदम बदलल्या आणि चिपचं ग्राउंड उचललं गेलं, की शिडीही त्याच्याबरोबर उचलली जाते. कुठल्या पायरीवरून व्होल्टेज घ्यायचा ते रजिस्टरमधला (चिपमधल्या छोट्या नोंदीतला) कोड ठरवतो. डीडीआर-४ च्या पहिल्या रेंजमध्ये ६० ते ९२.५ टक्क्यांपर्यंत ५१ पायऱ्या आहेत, प्रत्येक ०.६५ टक्क्याची, म्हणजे ७.८ मिलिव्होल्टची.

मग पायरी निवडायची कशी? त्यासाठीच ट्रेनिंग. सिग्नलची कड सरळ उभी नसते. ती नॅनोसेकंदाला २ व्होल्टनं चढत असेल आणि रेफरन्स ५० मिलिव्होल्ट वर असेल, तर चढती कड २५ पिकोसेकंद उशिरा आणि उतरती तेवढीच लवकर पकडली जाते. ‘एक’ ५० पिकोसेकंदांनी आखडतो, आणि सेकंदाला ३२०० मेगाबिटच्या वेगाला अख्खा बिटच ३१२.५ पिकोसेकंदांचा. म्हणून मेमरी चालवणारा कंट्रोलर मशीन सुरू होतानाच एकेक कोड लावून वाचून बघतो. समजा १० ते २४ या कोडांवर चूक येत नाही, तर तो १७ घेतो: ६० अधिक १७ वेळा ०.६५, म्हणजे ७१.०५ टक्के. बोर्ड बदलला किंवा मेमरीची पट्टी बदलली, की हाच कोड १४ किंवा २१ ही निघू शकतो.