वकीलपत्र कोणी घ्यायचे

गेल्या आठवड्यात इंदूरच्या आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर मी इथून, अमेरिकेतून, ‘द लिंकन लॉयर’ या मालिकेचे कौतुक लिहिले आणि पाच मिनिटांत आतेभावाचे उत्तर आले, “गुन्हेगारांना सोडवणाऱ्या वकिलाला तुम्ही तिकडे नायक करता, आमच्याकडे अशा लोकांचे वकीलपत्र कोणी घेऊच नये.” त्याखाली घरातल्या सात जणांनी टाळ्यांची चिन्हे टाकली. ते वाक्य तेव्हापासून मला सलते आहे.

मालिका मला आवडते ती मुळात तिच्या वेगामुळे. मायकल कॉनेली यांच्या कादंबऱ्यांवर बेतलेल्या आणि २०२२ साली नेटफ्लिक्सवर सुरू झालेल्या या मालिकेतला मिकी हॅलर लॉस एंजेलिसभर मोटारीच्या मागच्या सीटवर बसून कागद चाळतो, आणि कोर्टात उभा राहिला की साक्षीदाराकडून एकेक साधे ‘हो’ वदवून घेत त्याला अशा जागी नेऊन ठेवतो, की तिथून त्याला मागे फिरता येत नाही. भाग संपतो तो ऐन मोक्याच्या प्रश्नावर, त्यामुळे शुक्रवारी रात्री एकाच भागासाठी बसलेली मी तीन पाहून उठते. आपल्या अशिलाने गुन्हा केलाच नाही याची खात्री त्याला नेहमी असते असे नाही. सरकार पक्षाने तो शंकेपलीकडे सिद्ध केला का, एवढेच तो विचारत राहतो.

हा काही अमेरिकेचा शोध नाही, असे मी आतेभावाला लिहिले. आपल्या राज्यघटनेचे कलम २२ अटक झालेल्या माणसाला पसंतीच्या वकिलाचा हक्क देते. कोइमतूरच्या वकील संघटनेने काही आरोपी पोलिसांचे वकीलपत्र कोणी घेऊ नये असा ठराव केला होता, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली असे ठराव बेकायदा ठरवले. कसाबलासुद्धा शेवटपर्यंत वकील मिळाला आणि मगच, २०१२ साली, त्याला फाशी झाली. ऑफिसात कोणी भारतातल्या न्यायाविषयी नाक मुरडले, की मी हेच उदाहरण ताठ मानेने सांगते.

“तुमच्याकडे तरी कुठे सगळे धुतल्या तांदळासारखे आहे?” असे त्याने विचारले. इथले बहुतेक खटले ज्युरीपर्यंत, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळापर्यंत, न पोहोचता गुन्हा कबूल करून मिटवले जातात, हे खरेच आहे. पण मी जे डोळ्यांनी पाहिले ते त्याने पाहिलेले नाही.

नागरिकत्व घेतल्यानंतर दुसऱ्याच वर्षी ज्युरी ड्यूटीचे समन्स आले. बार्ट या इथल्या लोकल रेल्वेने लेक मेरिट स्थानकाला उतरून कोर्टात गेले, तर आरोपी नवा निळा शर्ट घालून बसला होता. पाकिटातून काढलेल्या शर्टाच्या घड्या त्याच्या पाठीवर तशाच उमटलेल्या होत्या. न्यायाधीशांनी माझ्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांना विचारले, “आत्ता लगेच निकाल द्यायचा झाला, तर काय द्याल?” ते म्हणाले, “अजून काही ऐकलेच नाही, कसे सांगणार?” न्यायाधीश म्हणाले, “मग निकाल ‘निर्दोष’ हाच. पुरावा अजून आलेला नाही.” माझी निवड झाली नाही, पण परतताना, या देशात मी पहिल्यांदाच कोणाच्या तरी उपयोगी पडण्याच्या जागी बसले होते, असे मला वाटत राहिले.

आणि त्याच प्रवासात मला काका आठवले. ते इंदूरच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करत. मी नववीत असताना त्यांनी एका खुनाच्या आरोपीचे वकीलपत्र घेतले. आरोपी आणि मयत दोघेही आमच्याच मोहल्ल्यातले. रामबागेतल्या त्यांच्या घरी गणपतीच्या आरतीला दरवर्षी पायरीपर्यंत माणसे उभी असत, त्या वर्षी मात्र शेजारचे कोणीही फिरकले नाही. आईने जायला सांगितले, तरी मी अभ्यासाचे निमित्त काढून घरी राहिले. शाळेत मुलींनी विचारले, तेव्हा ते आमचे लांबचे नातेवाईक आहेत असे मी सांगितले. हॅलर कोर्टाच्या पायऱ्या उतरतो तेव्हा मी आज ज्या अभिमानाने पाहते, त्याचा कणभरही मी काकांना दिला नाही, आणि ते गेले तेव्हा मी इथे होते.

आतेभावाला लिहिलेले उत्तर मी तीनदा पुसले आहे. त्या संध्याकाळी मामाकडे टाळ वाजवायला गेलेला एकटा तोच होता, दहा वर्षांचा. आरती झाल्यावर माझ्या वाट्याचे दोन मोदक डब्यात घालून तोच सायकलवरून आमच्या घरी घेऊन आला होता.