दीड वर्षाचे सेल चार महिन्यांत का संपले: दुकानाकडून उत्तर

नमस्कार भाऊ. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलं की मातीचा ओलावा मोजणाऱ्या सेन्सरच्या डब्यावर ‘बॅटरी दीड वर्ष’ होतं, पण काटोलच्या बगिच्यात चार महिन्यांतच बसली, तीही संत्र्याला ताण दिलेला (बहारासाठी पाणी तोडलेलं) असताना. 2500 चे तीन सेल, मग 7500 एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) गेले कुठे? आणि आमच्या सीताबर्डीच्या दुकानात विचारलं तर ‘सेल डुप्लिकेट असतील’ असं ऐकावं लागलं.

शेवटचं आधी घेतो. डबा उघडून न बघता आमच्या दुकानातल्या पोरानं ठोकून दिलं. तुमचे सेल चांगलेच होते. माफ करा.

7500 चा हिशोब मात्र जमत नाही. तिन्ही सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेले आहेत, त्यामुळे व्होल्टेज तिप्पट होतं, एमएएच एका सेलचेच राहतात. शिवाय सेल 1.2 व्होल्टच्या खाली उतरला की आमच्या सर्किटला पुरत नाही, म्हणून 2500 मधले आम्ही 2000 च धरतो.

खरी गोम पुढे आहे. झोपलेलं सर्किट 0.02 मिलिअँप घेतं. जागं होऊन वायफायवर रीडिंग पाठवताना 5 सेकंद 80 मिलिअँप. तासाला एकदा पाठवलं तर सरासरी 0.13 पडते, 2000 भागिले 0.13, म्हणजे 15,000 तास, वीसेक महिने. आपल्याकडचा मे महिना सेलला मानवत नाही, म्हणून छापताना दीड वर्ष छापलं. तुमच्या ॲपमध्ये सेटिंग दर 10 मिनिटांची आहे. तिथे सरासरी 0.69 होते आणि 2,900 तासांत, म्हणजे बरोबर चार महिन्यांत, सेल रिकामे.

ही सेटिंग ॲपमध्ये आम्हीच ठेवलेली, आणि दीड वर्ष हे तासाला एका रीडिंगचं आहे हे डब्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. नवीन डब्यांवर आता दोन्ही आकडे छापतोय.

ताणाच्या दिवसांत तुम्हाला नजर ठेवायची असते, हे समजतं. त्यासाठी प्रोग्राम बदलला आहे: दर 10 मिनिटांनी मोजायचं, पण वायफाय तासातून एकदाच लावायचं आणि सहाही रीडिंग एकदम पाठवायची. मोजायला अर्धा सेकंदच लागतो, खर्च सगळा पाठवण्यात आहे. असं केलं की दीड वर्ष निघतं.

डबा घेऊन या, प्रोग्राम टाकून देतो, नवे सेल आमच्याकडून. सेन्सरची वायर कापू नका, डब्याच्या तळाशी पिन आहे, ती ओढली की सुटते.