"तू आत जा" म्हटलं म्हणून बातमी पोरांपासून लपत नाही

मोठी दुर्घटना घडली की आपल्याकडं बहुतेक घरांत हेच चालतं. आजोबांना कन्नड चॅनेल हवं, बाबांना मराठी, आणि दोन्हीकडं तेच व्हिडिओ. मधेच पोरगं आलं की "तू आत जा, अभ्यास कर." ते आत जातंय खरं, पण सगळं लक्ष टीव्हीकडंच.

29 जानेवारी 2025 ला प्रयागराजच्या कुंभात चेंगराचेंगरी झाली. सरकारनं सांगितलेल्या 30 मृतांत आपल्या बेळगावचे चौघे होते, त्यात मायलेकीही. त्या आठवड्यात गल्लीत दुसरा विषय नव्हता. माझी सात वर्षांची लेक शाळेच्या रिक्षातून उतरली ती विचारतच, "आई, आज्जी हुण्णिमेला (पौर्णिमेला) सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर जाणार आहे की. तिला पण चेंगरतील काय गं?"

पोरं अशीच विचारतात. प्रयागराज त्यांना माहीत नसतं, आज्जी माहीत असते. अशा वेळी "काही होत नाही, गप बस" म्हणणं मला पटत नाही. मी म्हटलं, "तिथं फार गर्दी झाली, माणसांना श्वास घेता आला नाही, म्हणून काही जण वारले. आज्जीबरोबर मामा असणार. गर्दी दिसली की दोघं डोंगराखालीच थांबतील, घाई करणार नाहीत." दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा तेच विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. लहान पोरं एकच प्रश्न परत परत विचारतात, त्यावर चिडू नये. आधी "तू काय ऐकलंस?" हे मात्र जरूर विचारावं. रिक्षात काय काय ऐकून आलेली असतात, आपल्याला कल्पना नसते.

"ते झोपले" असं तर अजिबात सांगू नका. चार-पाच वर्षांचं पोर ते शब्दशः घेतं आणि रात्री झोपायला घाबरतं. त्याच वयाच्या पोराला टीव्हीवर तीच दृश्यं पुन्हा लागली की नवीन काही घडलं असं वाटू शकतं. 12 जून 2025 ला अहमदाबादेत विमान कोसळलं, तो व्हिडिओ दिवसभर फिरत होता. आणि इथं सांबऱ्याच्या विमानतळावर उतरणारी विमानं आपल्या पोरांच्या डोक्यावरून जातात! अशा दिवशी टीव्ही बंद ठेवा आणि काय झालं ते आपल्या तोंडानं सांगा. मृतदेहांचे व्हिडिओ ग्रुपवर टाकणाऱ्यांनो, संध्याकाळी तोच मोबाईल घरातल्या पोरांच्या हातात असतो, एवढं तरी बघा.

महिनाभरानंतरही पोर दचकून उठत असेल, शाळेला जायला नको म्हणत असेल, तर डॉक्टरांना दाखवा किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा. सरकारी सेवा आहे, पैसे पडत नाहीत.

शिक्षकांनाही एक विनंती. प्रार्थनेला दोन मिनिटं उभं करून श्रद्धांजली होते आणि लगेच गणिताचा तास सुरू. त्या दिवशी पहिला तास पोरांना बोलू द्या. शाळा मराठी असो, कन्नड असो नाहीतर इंग्लिश मिडियम, ज्याला घरच्या भाषेत बोलायचं आहे त्याला त्या भाषेत बोलू द्या.